मुलांच्या मनाचा कोर्स: एका कथक शिक्षिकेची हकीकत, खर्चासकट

मी डोंबिवलीत कथक शिकवते. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये स्वतःचा क्लास आणि आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत हॉबी क्लास. २०२५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी नाच शिकवणाऱ्यांसाठीचा एक ट्रेनिंग कोर्स केला. विषय काय, तर क्लासमधल्या मुलांची तब्येत आणि मन दोन्ही कसं सांभाळायचं आणि आलेल्या प्रत्येक मुलाला हा क्लास आपला वाटेल असा तो कसा चालवायचा. कोर्सचं नाव चांगलं लांबलचक आहे, वेलबीइंग अँड बिलाँगिंग वगैरे, आम्ही बॅचमध्ये त्याला सरळ 'मनाचा कोर्स' म्हणायचो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि पुढे दोनचार कुरकुरीही येणार आहेत. ॲडमिशन घेण्याआधी मी बरंच शोधलं होतं की कोणी नाच शिकवणाऱ्याने हे केलंय का, किती वेळ जातो, काय कागद लागतात, पण मराठीत काहीच मिळालं नाही, म्हणून लिहून ठेवतेय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

सुरुवात शाळेपासून झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं जे उघड झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आमच्याच लाइनवरचं स्टेशन, त्या आठवड्यात आमच्या क्लासच्या पालकांचे फोन थांबत नव्हते. त्यानंतर लगेच सरकारचा जीआर आला, शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी शाळेतली समिती), आणि कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. आमच्या शाळेने हे बाहेरून येणाऱ्या आम्हा लोकांनाही लावलं, कराटेवाले सर, चित्रकलेच्या मॅडम, मी, सगळ्यांना. आणि एप्रिल २०२५ मध्ये मुख्याध्यापक मॅडम म्हणाल्या की जूनपासून पडताळणीच्या जोडीला बालसुरक्षेचं काहीतरी ट्रेनिंग केल्याचा कागदही फाइलला हवा. दोन तासांचा फुकट वेबिनार केला असता तरी चाललं असतं, कराटेवाल्या सरांनी तेच केलं आणि त्यांचं काही अडलं नाही.

मी लांबचा कोर्स घेतला कारण माझ्या डोक्यात आधीपासून एक प्रश्न होता. गांधर्वच्या, म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, नाचाच्या परीक्षा देणारी मुलं प्रवेशिका पूर्ण या सुरुवातीच्या परीक्षेपर्यंत छान येतात आणि त्यापुढच्या मध्यमाच्या आसपास गळतात. साधारण सातवी-आठवी. पालकांना विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, अभ्यास वाढला." असेलही, पण ज्यांचा अभ्यास वाढतो त्यातल्याच काही मुली दहावीच्या जादा मार्कांसाठी का होईना टिकतात आणि काही टिकत नाहीत, मग टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्यांत फरक कसला, हे मला हजेरीच्या वहीवरून कळत नव्हतं.

आता कागदपत्रं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून नीट सांगते. पोलीस पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि कशासाठी हवंय त्याचं शाळेचं पत्र. हे पत्र आधीच लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा, माझा अर्ज त्याच्याशिवाय परत आला. फोटोच्या फाइलचा साइज ठरवून दिलेला असतो, मोबाइलवर काढलेला फोटो जसाच्या तसा जात नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कमी करून घेतला. मग वाट बघायची. तीनेक आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला, मूळ कागद घेऊन या. क्लासच्या वेळेत बोलावलं तर सकाळची वेळ मागून घ्या, देतात.

दुसरं म्हणजे नाव. माझं विशारदचं, म्हणजे नाचाच्या वरच्या परीक्षेचं, सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. कोर्सच्या ॲडमिशनला 'नृत्यशिक्षणाचा पुरावा' लागतो आणि पुराव्यावरचं नाव आयडीशी जुळायला हवं. माझ्याकडे मॅरेज सर्टिफिकेट होतं पण त्यात नाव बदलल्याचं कुठे लिहिलेलं नसतं, मग ॲफिडेव्हिट करा म्हणाले. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टँपपेपर चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो, वर नोटरीची फी. नाचणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचं हेच होत असणार कारण परीक्षा लग्नाआधी दिलेल्या असतात. एकदाच करून लॅमिनेट न करता फाइलला लावून ठेवा, लॅमिनेट केलेलं काही ठिकाणी घेत नाहीत.

फी १६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,८८०. दोन हप्ते. माझ्यासाठी ही मोठी रक्कम होती, घरी सांगितल्यावर नवऱ्याने विचारलं की याने क्लासची फी वाढणार आहे का, म्हटलं नाही, मग तो गप्प बसला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेस, आता मुलांशी कसं बोलायचं हे कोण शिकवणार तुला?" तेव्हा माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑनलाइन वर्ग सुरू झाले, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठला. वेळ चांगली ठेवली होती, क्लास सुटतो, घरी येऊन कुकर लावून बसता येतं. बॅचमध्ये भरतनाट्यमच्या बऱ्याच जणी, सांगलीच्या एक ताई ज्यांचा क्लास माझ्या जन्माआधीपासूनचा आहे, नागपूरचा हिपहॉप शिकवणारा एक मुलगा, कोल्हापूरच्या लावणी शिकवणाऱ्या एक बाई, आणि बॉलिवूड-झुंबावाले. सगळं शिकवणं इंग्रजीत. कोल्हापूरच्या बाई दुसऱ्याच आठवड्यात सोडायच्या बेतात होत्या. मग कोणीतरी विचारलं तेव्हा कळलं की लेखी काम मराठीत दिलं तरी चालतं, हिंदीतही चालतं, पण हे माहितीपत्रकात कुठेच छापलेलं नव्हतं. त्यामुळे कुठलाही कोर्स घेताना पहिल्याच दिवशी विचारा.

पहिले काही तास थिअरी. डेसी आणि रायन नावाचे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांचं म्हणणं असं की माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो त्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात, आपल्या हातात काहीतरी असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपण कुणाचेतरी आहोत हे वाटणं. ऐकायला सोपं. पण मी वहीत तीन रकाने आखून माझ्या एका तासाचं काय काय कुठे बसतं ते लिहायला घेतलं तर 'जमतंय' च्या रकान्यात भरभरून, तत्कार म्हणजे पायांनी ताल वाजवणं, तो दुगुन-चौगुन म्हणजे दुप्पट-चौपट लयीत, चक्कर, परीक्षा, आणि पहिला आणि तिसरा रकाना जवळजवळ कोरा. मूल काय निवडतं आमच्याकडे? कुठला तोडा, म्हणजे बोलांवर बसवलेला छोटा तुकडा, आधी करायचा हेही ताईच सांगते. गुरूने सांगायचं आणि शिष्याने करायचं ही आपली रीत आहे आणि ती मला वाईट वाटत नाही, पण रकाना कोरा दिसला हे खरं.

कुरकूर पहिली: सगळी उदाहरणं बॅलेची. आरसे, घट्ट कपडे, ऑडिशन, वजन. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरसाच नाही, गणपतीत मांडव घालायच्या बांबूंशेजारी आम्ही नाचतो. ट्रेनर मॅडम मानसशास्त्रातल्या, हुशार आणि अतिशय शांत, पण रियाज म्हणजे काय हे त्यांना आम्हीच सांगितलं. प्रत्येक गोष्ट आपण आपल्या नाचात भाषांतर करून घ्यायची ही तयारी ठेवा, ती मेहनत कोर्सच्या तासांत धरलेली नाही.

१० जुलैला गुरुपौर्णिमा होती, त्याच आठवड्यात विषय निघाला मुलांना हात लावण्याचा आणि मुलांनी पाया पडण्याचा. झालं, बॅच पेटली. ट्रेनर मॅडमचं म्हणणं, मुलाला नाही म्हणायची सोय हवी. सांगलीच्या ताई म्हणाल्या, "नमस्कार करून घेण्याचा माझा हट्ट नाही, पण उद्यापासून करू नका म्हटलं तर पोरी विचारतील बाईंचं काय बिनसलं." हसलो सगळे, पण मुद्दा बरोबर होता. मी स्वतः काय ठरवलं ते सांगते. भूमिप्रणाम आणि घुंगरांना नमस्कार हा नाचाचा भाग आहे, तो सगळे करतात. माझ्या पाया पडणं ज्याच्या त्याच्या मनावर. गुरुपौर्णिमेला हे मुलांना सांगितलं, बहुतेक सगळी पडलीच, दोन मुलींनी लांबून हात जोडले आणि कुणालाही काही वाटलं नाही.

हात लावण्यावरून मात्र मी भांडले. कथकात कोपर किती उचललं हे शब्दांत सांगून होत नाही, दहा वेळा "कोपर वर" म्हटलं की मूल खांदा वर करतं. तर उपाय असा निघाला की आधी विचारायचं, "हात लावू का?", आणि मुलगी नको म्हणाली तर तिनेच आपल्या दुसऱ्या हाताने कोपराखाली आधार धरायचा आणि मी माझं कोपर तिच्या शेजारी धरून दाखवायचं. मला वाटलं होतं हे फार कृत्रिम होईल. लहान बॅचला तर मजाच वाटली, सगळी एका सुरात "होऽऽ" ओरडतात. आठवी-नववीच्या मुली मात्र तीनचार जणी शांतपणे "नको ताई, मी करते" म्हणाल्या, आणि त्या स्वतः आधार धरून करतात ते कोपर माझ्या हाताने केलेल्यापेक्षा जास्त टिकतं.

जुलैच्या शेवटी पुण्यात पहिलं दोन दिवसांचं शिबिर. कल्याणहून सकाळची इंद्रायणी, राहायचं स्वतःचं स्वतः. माझी मावसबहीण कोथरूडला आहे म्हणून वाचले, बाकीच्यांना लॉजचे पैसे पडले.

पहिला दिवस कायद्याचा. एक वकील बाई आल्या होत्या, आणि माझ्या मते पूर्ण फी या एका दिवसासाठी दिली असती तरी चाललं असतं. पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ चा. आपल्याला ऐकून माहीत असतो, पण कलम १९ काय म्हणतं हे नाचवाल्यांत कितीजणांना माहीत आहे? अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही घडलंय हे कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कुणालाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं असं नाही. न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. माझा क्लास म्हणजे मी आणि एक असिस्टंट मुलगी, पण प्रमुख मीच की.

त्यांनी सांगितलेलं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मूल काही सांगायला लागलं तर चौकशी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारायचे नाहीत. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे, आपल्या भाषेत सुधारून नाही. चाइल्डलाइन १०९८. आणि मन अस्वस्थ असलेल्या मोठ्या मुलांसाठी किंवा पालकांसाठी, आपल्यासाठीसुद्धा, टेली मानस १४४१६, ही सरकारी फुकट सेवा २०२२ पासून आहे. हे दोन्ही नंबर मी हॉलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. एका आजोबांनी विचारलं, "नाचाच्या क्लासात हे कशाला?" त्यांना म्हटलं, फायर ब्रिगेडचा नंबर कसा असतो, तसं. ते म्हणाले मग तोही लावा. लावला.

दुसरा दिवस शरीराचा, फिजिओथेरपिस्ट होते. साधारण आठ ते चौदा या वयात हाडं भराभर वाढतात, टाचेच्या हाडाची वाढीची जागा अजून कच्ची असते, तिथे पोटरीचा स्नायू ओढतो आणि वर आपण फरशीवर तत्कार करून घेतो. टाच दुखते म्हणणारं मूल कामचुकार नसतं. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखतं तेही याच वाढीमुळे. अशा मुलाला घरी बसवायचं नाही, तर पायाचं काम कमी करून हस्तक (हातांच्या हालचाली), पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं), अभिनय द्यायचा, म्हणजे ते क्लासमध्ये राहतं. घुंगरांचं मी विचारलं. पन्नासवरून शंभरवर कधी जायचं हे आपण परीक्षेवरून ठरवतो, त्यांचं म्हणणं उंची भराभर वाढते आहे तेवढे महिने वाढवू नका. हे मला पटलं. आमच्या हॉलची फरशी काही मी बदलू शकत नाही, पण जाड सतरंजीवर प्लायवूडच्या चार शीट टाकून लहान बॅच त्यावर घेते आता, शीट आणायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आणि ठेवायला मीटररूमची किल्ली, यासाठी अर्ज करावा लागला ती वेगळीच कथा.

खाण्याचं पण तिथेच निघालं. २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीच्या डॉक्टरांनी एका त्रासाला नाव दिलं, खेळाडू जितकी ताकद खर्च करतो तितकं खात नाही, मग पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, लक्ष लागत नाही. आमच्याकडे मुली ट्यूशनमधून थेट येतात, दुपारच्या डब्यावर. आता तासाच्या आधी पाच मिनिटं खाण्याची आहेत, चणे, गूळ, केळं, जे असेल ते, वेफर्स चालत नाहीत. सगळ्यात जास्त गप्पा याच पाच मिनिटांत होतात आणि कोण कोणाशेजारी बसत नाही हेही तिथेच दिसतं.

ऑगस्टमध्ये मुख्य काम होतं, क्लासचा नकाशा. कागदावर हॉल काढायचा, प्रत्येक मूल कुठे उभं राहतं तिथे चौकोन, आणि महिनाभर प्रत्येक तासाला नोंद, मी कुणाचं नाव घेतलं, कशासाठी घेतलं. शाबासकीला फुली, दुरुस्तीला गोल, गप्प बस म्हणायला रेघ. शिकवताना हे करणं अशक्य, म्हणून असिस्टंटला बसवलं. मध्येच १८-१९ ऑगस्टचा तो पाऊस आला, लोकल बंद, हॉलच्या दारापर्यंत पाणी, तो आठवडा गेला, आणि मागोमाग २७ ला गणपती, हॉलच गणपतीचा. संस्थेला मेल केला, मुदतवाढ मागितली, उत्तर यायला बारा दिवस लागले आणि तोपर्यंत मूळ मुदत संपली होती. दिली शेवटी मुदतवाढ, पण ते दिवस उगाच टेन्शनमध्ये गेले.

नकाशा भरला तेव्हा पुढच्या ओळीत फुल्या आणि गोल दोन्ही भरपूर. मधल्या ओळीत बरे. तिसऱ्या ओळीत, पंख्याच्या स्विचबोर्डजवळ तीन चौकोन होते, त्यात फक्त रेघा. एका चौकोनात रेघसुद्धा नाही. ती मुलगी जळगावहून वडिलांच्या बदलीमुळे आलेली, वर्षाच्या मध्ये, कधी चुकत नाही, कधी बोलत नाही, म्हणून कुणाचं लक्षच नाही. आणि जुन्या हजेरीच्या वह्या काढून आठवून पाहिलं, गेल्या तीनचार वर्षांत मध्यमाला सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक त्याच कोपऱ्यात उभ्या राहायच्या. परीक्षेला बसणारी पुढे आणि बाकीची मागे, ही आमची नेहमीची पद्धत, मी जिथे शिकले त्या ताईंकडेही हेच होतं.

तर सप्टेंबरपासून ओळी फिरत्या केल्या. दर तासाला मागची पुढे. पहिले दोन आठवडे तर रियाजाची वाट लागली, मागच्या मुलींना पुढच्यांचे पाय बघून नाचायची सवय, पुढे आल्यावर समोर बघायला कुणीच नाही, आमद, म्हणजे नाचाच्या सुरुवातीची रचना, अर्ध्यात थांबायची. आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज, "माझी मुलगी चार वर्षं पुढे उभी राहते, तिची परीक्षा नोव्हेंबरमध्ये आहे, ती मागे का?" मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, फोन केला. म्हटलं कार्यक्रमात रचनेप्रमाणे उभ्या राहतील, परीक्षेच्या सरावाला वेगळा वेळ देते, पण रोजच्या रियाजाला ओळी फिरणार. त्या आई काही खूश झाल्या नाहीत, पण मुलगी येत राहिली. अशा वेळी ग्रुपवर वाद घालू नका, फोनच करा.

जळगावच्या मुलीला मी एक दिवस पढंत करायला बसवलं, हाताने तीनताल धरून. आवाज असा खणखणीत निघाला की तबल्याचं ॲप बंद करून सगळ्या ऐकत राहिल्या. आता छोट्या बॅचची पढंत तीच घेते.

क्लासमधल्या एकुलत्या एका मुलाबद्दलही बोलायला हवं. तिसरी-चौथीतला, शाळेत पोरं चिडवतात. मी त्याला कथकातल्या मोठ्या पुरुष नर्तकांच्या, बिरजू महाराजांच्या, गोपीकृष्णांच्या गोष्टी सांगायचे. सप्टेंबरच्या शिबिरात हे सांगितलं तर नागपूरचा हिपहॉपवाला म्हणाला, "ताई, महाराज मोठे आहेत, पण त्या पोराला कपडे बदलायला जागा कुठे आहे?" नव्हती. मुली आतल्या खोलीत बदलायच्या आणि तो घरूनच कुर्ता घालून, वर रेनकोट चढवून यायचा, भर उन्हाळ्यात सुद्धा. आता स्टोअररूमला पडदा लावलाय. एवढ्याने रेनकोट गेला.

आणि एक आई, मुस्लिम कुटुंब, तिने संकोचून विचारलं होतं की गणेशवंदना करावीच लागेल का. कोर्सवाल्या मॅडमना विचारलं तर त्यांनी मलाच उलट विचारलं, तुमच्या नाचात काय काय आहे? खरंच की, कथकात रंगमंच प्रणाम आहे तशी सलामीही आहे, नवाबांच्या दरबारातून आलेली, ती आपण पहिल्या वर्षीच शिकवतो. त्या मुलीने वार्षिक कार्यक्रमात सुरुवातीचा तुकडा सलामीचा केला, वंदनेत ती नव्हती, कुणाला कारण सांगावं लागलं नाही. सगळ्या पालकांना हे आवडलं असेल असं नाही, एकाने टोमणा मारलाच. पण क्लास माझा आहे.

कपड्यांची मापं हा एक प्रकार तर मला कोर्सने दाखवेपर्यंत प्रकार वाटलाच नव्हता. टेलरकाका हॉलमध्ये येतात, टेप लावतात आणि कंबर अमुक, छाती तमुक असं मोठ्याने ओरडतात, असिस्टंट लिहून घेते, बाकीच्या मुली ओळीत उभ्या राहून ऐकतात. यंदा माप आतल्या खोलीत, टेलरकाकांच्या बायकोने घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. आठवीच्या तीन मुलींनी दरवर्षी मापाच्या दिवशी दांडी मारली होती, यंदा तिघी हजर. शिवाय जुने घागरे-ओढण्यांची एक पेटी केली, ज्याला हवे त्याने न विचारता घ्यावेत, परत धुवून द्यावेत. नवीन पोशाख तीन-साडेतीन हजारांच्या खाली शिवून होत नाही आणि प्रत्येक घराला ते झेपत नाही, पण तोंडाने कुणी सांगत नाही.

शेवटचा भाग आमच्या स्वतःच्या तब्येतीचा होता आणि मला तो जरा उरकल्यासारखा वाटला. श्वास घ्या, डायरी लिहा. अरे पण लहऱ्याच्या, म्हणजे नाचासोबत सतत वाजणाऱ्या धुनेच्या, वरून ओरडून आवाज बसतो, फी तीन तीन महिने येत नाही, रात्री अकराला "उद्या क्लास आहे का" असा मेसेज येतो, त्याचं काय? मग बॅचमधल्या आम्ही पाचसहा जणींनी आमचं आमचं ठरवलं, महिन्यातून एका रविवारी फोनवर एकत्र, जे सांगायचं ते सांगायचं. ते अजून चालू आहे. फोन नऊनंतर बंद हा नियम सांगलीच्या ताईंचा, आणि फी दर महिन्याच्या १० तारखेच्या आत हे ॲडमिशन फॉर्मवरच छापायचं हा कोल्हापूरच्या बाईंचा. दोन्ही घेतले.

परीक्षा १५ नोव्हेंबरला, ऑनलाइन. आधी वीस मिनिटांचा वर्गाचा व्हिडिओ पाठवायचा होता, त्यासाठी प्रत्येक पालकाची लेखी संमती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, वकील बाईंनी बजावलं होतं की व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे संमती नाही. संस्थेने दिलेला फॉर्म दोन पानी इंग्रजीत, निम्म्या पालकांनी तो घाबरून परतच केला नाही. मी मराठीत एका पानाचा केला, व्हिडिओ कोण बघणार, कधी पुसणार, नाही म्हटलं तरी क्लासवर काही परिणाम नाही. तरीही दोन घरांनी नाही म्हटलं, त्या मुलांना कॅमेऱ्याच्या मागे लहरा लावायचं काम दिलं. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न अवघड गेला, 'अमुक मुलाने अत्याचाराबद्दल असं सांगितलं तर पुढचा एक तास तुम्ही काय कराल', मिनिटामिनिटाने. तयारी करायची तर त्याचीच करा.

सर्टिफिकेट जानेवारीच्या अखेरीस आलं, आणि ॲफिडेव्हिट देऊनही माहेरच्या नावाने. पुन्हा मेल, पुन्हा वाट, फेब्रुवारीत नवीन आलं. शाळेने तोपर्यंत फी भरल्याची पावती आणि मार्कांचा मेल फाइलला लावून घेतला. एकूण खर्च फी, प्रवास, कागदपत्रं, प्लायवूड मिळून सव्वीस हजारांच्या आसपास गेला, यातलं प्लायवूड खरं तर कोर्सच्या नावावर टाकणं बरोबर नाही. ज्यांना एवढं शक्य नाही त्यांनी निदान पॉक्सोचं एक दिवसाचं प्रशिक्षण कुठे फुकट मिळतंय का ते बघावं आणि क्लासचा नकाशा महिनाभर करून पाहावा, त्याला एक कागद आणि एक बसणारी मुलगी पुरते.

मध्यमाच्या बॅचमधून यंदाही दोघी गेल्या. एक खरंच अभ्यासासाठी, कारण ती शनिवारी पढंतीला येऊन बसते. दुसरीचं मला अजून कळलेलं नाही, तिच्या आईला एकदा फोन झालाय, दिवाळीनंतर करते म्हणाल्या होत्या, मी पुन्हा करणार आहे.

संमतीपत्राचा मराठी नमुना, नकाशाचा कोरा तक्ता आणि शाळेकडून घ्यायच्या पत्राचा मजकूर माझ्याकडे वर्ड फाइलमध्ये आहे, कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवते. युनिकोडमध्ये टाइप केलंय, त्यामुळे मोबाइलवरही नीट उघडतं.